सांगकाम्याला काम सांगण्याआधी

(गंगापूर येथे वाचनालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छापताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आपल्याकडच्या व्याख्यानमालांमध्ये संतसाहित्य, शेती, इतिहास आणि मधुमेह हे विषय ठरलेले असतात. त्यांच्या पंगतीत संयोजकांनी या वर्षी 'सर्व्हर' बसवला. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा संगणकाशी संबंध नव्हता. पण नोंद नीट ठेवण्याशी होता, आणि तेवढा धागा आजच्या विषयाला पुरतो.

सर्व्हर हा शब्द तसा आपल्याला नवा नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावताना, सातबारा काढताना, परीक्षेचा फॉर्म भरताना "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे वाक्य इथल्या प्रत्येकाने ऐकलं आहे. सर्व्हरशी आपलं नातं हे असं, रांगेत उभं राहणाऱ्याचं. आज मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूबद्दल बोलणार आहे. आपण स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्राम सर्व्हरवर कसा चढवायचा, तो ठरल्या वेळी आपोआप कसा चालवायचा, आणि हे सगळं करण्याआधी काय करायचं. वेळ जास्त जाईल तो शेवटच्या प्रश्नावर.

उदाहरण घेऊ मराठी विकिपीडियाचं. तो १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथले लेख तुमच्याआमच्यासारखी माणसं फुकट लिहितात, हे बहुतेकांना माहीत असतं. माणसांच्या जोडीने तिथे प्रोग्रामही संपादनं करतात, हे कमी जणांना माहीत असतं. बाकी जग ज्याला बॉट म्हणतं, त्याला मराठी विकिपीडियावर सांगकाम्या म्हणतात.

एके काळी या सांगकाम्यांचं मोठं काम होतं आंतरभाषिक दुवे जोडण्याचं. मराठीतला 'गोदावरी' हा लेख तेलुगूतल्या, हिंदीतल्या, जर्मनमधल्या गोदावरीशी जोडायचा, तर प्रत्येक भाषेतल्या लेखाच्या तळाशी इतर सगळ्या भाषांची यादी ठेवावी लागे. एखाद्या भाषेत नवा लेख आला, की प्रत्येक भाषेत जाऊन एकेक ओळ वाढवायची. हे माणसाने करण्यासारखं काम नव्हे. सांगकामे रात्रंदिवस तेच करत. २०१२ च्या ऑक्टोबरात विकिडेटा हा प्रकल्प सुरू झाला, पुढच्या वर्षी सगळे दुवे तिथे एका जागी गेले, आणि सांगकाम्यांची एक सबंध जमात बेकार झाली. यंत्राला बेकारीचं दुःख नसतं, लिहिणाऱ्याला थोडं होतं. पण यातून एक गोष्ट दिसते. सगळ्यात चांगलं स्वयंचलन ते, ज्यामुळे ते कामच उरत नाही. प्रोग्राम लिहायला बसण्याआधी हा प्रश्न विचारायला हरकत नसते: हे काम मुळात एवढ्या ठिकाणी करावं का लागतंय?

आता हे प्रोग्राम चालतात कुठे? पहिलं उत्तर, लिहिणाऱ्याच्या घरी. गंगापुरात घरच्या संगणकावर रात्रभर प्रोग्राम चालू ठेवणं म्हणजे काय, ते या सभागृहात समजावून सांगायला नको. मध्यरात्री लाईट जाते, इन्व्हर्टर थोडा वेळ तग धरतो, आणि सकाळी पाहावं तर अर्ध्या यादीवर काम थांबलेलं. कुठली पानं झाली आणि कुठली राहिली, हे शोधण्यात दुसरा दिवस जातो.

दुसरं उत्तर जर्मनीतल्या विकिमीडिया संघटनेने दिलं. २००५ मध्ये तिने 'टूलसर्व्हर' नावाची सामाईक जागा स्वयंसेवकांना उघडून दिली. तो २०१४ मध्ये बंद झाला. त्याची जागा विकिमीडिया फाउंडेशनच्या स्वतःच्या सोयीने घेतली. तिचं नाव आधी 'टूल लॅब्स' होतं, २०१७ पासून 'टूलफोर्ज' आहे. विकिपीडिया आणि त्याच्या भावंड प्रकल्पांसाठी कुणी स्वयंसेवक प्रोग्राम लिहीत असेल, तर त्याला तो चालवायला जागा, वीज आणि इंटरनेट फुकट. मोठ्या कंपन्यांचे क्लाउड वापरायला गेलात तर दारातच क्रेडिट कार्ड मागतात. आपल्या कॉलेजातल्या बीएस्सी कॉम्प्युटरच्या मुलीची गाडी तिथेच अडते. टूलफोर्जला कार्ड लागत नाही. काय करणार आहात, हे मात्र सांगावं लागतं.

मिळतं काय ते सांगतो. एक, प्रत्येक अवजाराला, म्हणजे टूलला, स्वतःचं खातं आणि स्वतःचा वेबपत्ता. दोन, वेळापत्रकाप्रमाणे प्रोग्राम चालवण्याची सोय. आणि तीन, ज्यासाठी जाणते लोक तिथे जातात ती चीज: विकिपीडियाच्या डेटाबेसची सतत ताजी होत राहणारी प्रत. ती वाचता येते, तिच्यात बदल करता येत नाही, आणि सदस्यांची खाजगी माहिती तिच्यातून आधीच गाळलेली असते. 'मराठी विकिपीडियावर काल किती नवे लेख आले आणि त्यातल्या किती लेखांना एकही वर्ग, म्हणजे कॅटेगरी, लावलेला नाही?' हा प्रश्न त्या प्रतीला विचारला तर उत्तर काही सेकंदांत येतं. तेच पानंपानं उघडून पाहायचं तर दिवस जाईल, आणि विकिपीडियाच्या मुख्य सर्व्हरला उगाच त्रास होईल तो वेगळा.

इथल्या तरुण मंडळींसाठी पहिल्या बैठकीचा क्रम सांगतो. ज्यांना यात रस नाही त्यांनी दोन मिनिटं सोसावं.

विकिपीडियाचं खातं असतंच. त्याशिवाय विकिमीडियाचं डेव्हलपर खातं वेगळं काढावं लागतं. नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो: एका खात्याचा पासवर्ड दुसरीकडे टाकत बसतात. मग आपल्या संगणकावर एसएसएच किल्ल्यांची, म्हणजे सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्यासाठीच्या किल्ल्यांची, जोडी तयार करायची. विंडोज १० आणि त्यापुढच्या संगणकांत त्याची सोय आयतीच येते. जोडीतली एक किल्ली जाहीर, ती खात्यात चिकटवायची. दुसरी खाजगी, ती आपल्या संगणकाबाहेर कधीच जाऊ द्यायची नाही. मित्राला व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही. मग टूलफोर्जच्या सदस्यत्वाचा अर्ज. तो यंत्र तपासत नाही, माणसं तपासतात, त्यामुळे काही दिवस लागू शकतात. 'शिकायचं आहे' एवढंच लिहिलेला अर्ज बहुधा परत प्रश्न घेऊन येतो. 'मराठी विकिपीडियावरच्या वर्ग नसलेल्या नव्या लेखांची रोज यादी करायची आहे' असं लिहिलेला अर्ज पुढे सरकतो.

मंजुरी आली की आत जायचं आणि नवं टूल तयार करायचं. त्याला नाव द्यायचं. नाव विचार करून द्या, कारण तेच पुढे वेबपत्त्यात येतं. मग 'बिकम' हा हुकूम देऊन आपल्या व्यक्तिगत खात्यातून टूलच्या खात्यात शिरायचं. हा भेद महत्त्वाचा. टूल तुमच्या मालकीचं नसतं, तुम्ही त्याचे सांभाळणारे असता. सांभाळणारे दोन असावेत, तीन असले तर आणखी चांगलं.

आपण ज्या यंत्रावर प्रथम उतरतो ती नुसती ओसरी आहे. ओसरीवर कुणी मळणी काढत नाही, त्यासाठी खळं असतं. इथलं खळं म्हणजे कुबरनेटिस नावाच्या व्यवस्थेवर चालणारा यंत्रांचा ताफा. जड काम 'जॉब' म्हणून तिकडे पाठवायचं. विशेष काही मागितलं नाही तर एका जॉबला अर्धा जीबी मेमरी मिळते. तुम्ही म्हणाल, आजकाल फोनलाही याहून जास्त असते. खरं आहे. पण यादी करणाऱ्या प्रोग्रामला ती पुरून उरते, आणि पुरत नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा प्रोग्राम सगळा डेटा एकदम डोक्यावर घ्यायला जात असतो. थोडा थोडा घ्यायला शिकवा.

वेळापत्रकात एक खोच आहे. तिथली घड्याळं आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर चालतात, आपण साडेपाच तास पुढे. गंगापुरात सकाळी सहाला यादी तयार हवी असेल तर तिथे मध्यरात्रीनंतरचे बारा वाजून तीस मिनिटं लिहावे लागतात. एवढं लोक सांभाळतात आणि दुसरी बाजू विसरतात. डेटाबेसमधली प्रत्येक नोंदही त्याच प्रमाणवेळेत असते. त्यामुळे 'कालचे लेख' काढताना काल कधी सुरू झाला हे नीट सांगितलं नाही, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत लिहिलेला लेख भलत्याच दिवसात जातो. आपले बरेच विकिपीडियन रात्री जागून लिहिणारे आहेत. त्यांच्यावर हा अन्याय नको.

आणि नियम. तुमचा कोड मुक्त परवान्याखाली उघडा असला पाहिजे. पासवर्ड मात्र त्या कोडमध्ये लिहायचा नाही, त्यासाठी वेगळी सोय आहे. आपल्या फाइली शेजारच्याला वाचता येतात हे गृहीत धरूनच तिथे वावरावं. वापरणाऱ्यांची खाजगी माहिती गोळा करायची नाही. आणि काम विकिमीडियाच्या प्रकल्पांच्या उपयोगाचंच हवं. लासूर स्टेशनच्या बाजारातले कांद्याचे भाव दाखवणारं पान कितीही उपयोगी असलं तरी त्याची ही जागा नव्हे. ते करायचं असेल तर जरूर करा, पण जागा दुसरी शोधा.

दोन मिनिटं संपली. आता ज्या गोष्टीसाठी मी आलो तिच्याकडे येतो.

२४ फेब्रुवारी २०२३ ला औरंगाबाद शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्हा, तालुका आणि विभागाचीही नावं बदलली. नावाबद्दलचे वाद इथे आणायचे नाहीत, तो आजचा विषय नव्हे. मला यातलं फक्त नोंदींचं काम दाखवायचं आहे. समजा तुम्ही उत्साही आहात, पायविकिबॉट शिकलात (सांगकामे लिहिण्यासाठीचं पायथन भाषेतलं हे प्रसिद्ध साधन) आणि त्याला एका ओळीत सांगितलंत: जिथे 'औरंगाबाद' दिसेल तिथे 'छत्रपती संभाजीनगर' कर. एक ओळ. पाच मिनिटांचं काम. काय होईल पाहा.

बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. तो छत्रपती संभाजीनगर होईल.

अठराव्या शतकातले दख्खनी-उर्दू कवी सिराज औरंगाबादी हे 'सिराज छत्रपती संभाजीनगरी' होतील.

मुंबई उच्च न्यायालयाचं इथलं खंडपीठ औरंगाबाद खंडपीठ म्हणून ओळखलं जातं. शहराचं नाव बदललं म्हणून न्यायालयाच्या कागदावरचं नाव तुमच्या प्रोग्रामने बदलत नाही, पण तुमच्या लेखात मात्र ते बदललेलं असेल.

औरंगजेबाने १६५३ मध्ये शहराला औरंगाबाद हे नाव दिलं, अशा अर्थाचं वाक्य इतिहासाच्या लेखात असतंच. त्या वाक्यात बदल झाला की औरंगजेबानेच शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव दिलं, अशी नोंद मराठी विकिपीडियावर उभी राहील. हसू नका, यंत्राने दिलेलं काम चोख केलेलं आहे.

पुढे. लेखात छायाचित्र असतं, त्याच्या फाइलच्या नावात 'औरंगाबाद' असतं. नाव बदललं, फाइल सापडेना, चित्राच्या जागी लाल अक्षरं. संदर्भात वर्तमानपत्राच्या जुन्या बातमीचा मथळा असतो. तो जसा छापला तसाच राहायला हवा होता, तोही बदलला.

आणि आपली भाषा! 'औरंगाबादला', 'औरंगाबादचा' इथपर्यंत प्रोग्राम तरून जातो. पण आपण 'औरंगाबादेत' म्हणतो, 'औरंगाबादेतील' लिहितो. त्यातलं 'औरंगाबाद' तेवढं उचलून नवं नाव बसवलं की हाती येतं 'छत्रपती संभाजीनगरेत'. मराठी माणूस 'संभाजीनगरात' म्हणेल. सामान्यरूप ही गोष्ट प्रोग्रामच्या गावी नाही. ती आपल्या प्राथमिक शाळेतल्या मुलाला न शिकवता येते.

आणखी एक. काही लेखांत आधीपासून नुसतं 'संभाजीनगर' लिहिलेलं असतं. म्हणून तुम्ही दुसरा नियम घातला: 'संभाजीनगर' दिसलं की 'छत्रपती संभाजीनगर' कर. पहिल्या रात्री ठीक. दुसऱ्या रात्री वेळापत्रकाप्रमाणे तोच जॉब परत चालला, आणि 'छत्रपती छत्रपती संभाजीनगर' झालं. तिसऱ्या रात्री तीनदा. दोनदा चालवला तरी निकाल एकदाच चालवल्यासारखाच आला पाहिजे, ही वेळापत्रकावर टाकायच्या प्रत्येक प्रोग्रामची पहिली कसोटी आहे. ती आपल्या टेबलावर घ्यायची, दुसऱ्यांच्या ज्ञानकोशावर नाही.

मग सांगकाम्याने काहीच करायचं नाही का? करायचं, आणि भरपूर. नव्या नावाच्या वर्गात पानं हलवायची असतील तर ते त्याचंच काम. वर्गाची ओळ ठराविक साच्याची असते, तिला विभक्ती लागत नाही, आणि ती दोनदा बदलता येत नाही. एखाद्या पानावरचं 'औरंगाबाद' कुठलं हे ठरवायचं असेल तर विकिडेटाचा आधार घ्यावा. तिथे प्रत्येक गावाला, जिल्ह्याला, माणसाला स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळे महाराष्ट्रातलं कुठलं आणि बिहारमधलं कुठलं हे अक्षरांवरून ओळखावं लागत नाही. आपल्या गंगापूरचीही तीच गत आहे. राजस्थानात गंगापूर सिटी आहे, नाशिकला गंगापूर धरण आहे. नावाच्या भरवशावर राहिलात तर त्या धरणाचं पाणी आपल्या तालुक्यात आणून सोडाल. तशी ती गोदावरीच खाली आपल्याकडे येते, पण ज्ञानकोशात असं चालत नाही.

राहिलेली वाक्यं, म्हणजे इतिहास, कवी, न्यायालय आणि 'औरंगाबादेत', यांची सांगकाम्याने फक्त यादी करून माणसाच्या पुढ्यात ठेवावी. बदल माणसाने करावा. यादी करणारा आणि बदल करणारा असे दोन वेगळे प्रोग्राम असतात, आणि सुरुवात नेहमी पहिल्यापासून करावी, हे माझं या क्षेत्रातलं एकमेव ठाम मत समजा.

आता दुसरी गोष्ट. ही डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त त्रास देते.

'शेतकऱ्यांचा' हा शब्द घ्या. आपल्या तालुक्यावरच्या कुठल्याही लेखात तो येणारच. त्यातला 'ऱ्या' संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक मानत नाही. म्हणून प्रोग्रामला नुसतं 'शेतकऱ्यांचा' शोधायला सांगितलंत तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली पानं त्याला दिसतच नाहीत. 'व्यापाऱ्याला', 'साताऱ्याहून', 'दुसऱ्या', सगळ्यांचं असंच.

'ॲ'चंही तेच. 'ॲप', 'ॲड्रेस' लिहायला लागणारं हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ, अदृश्य जोडचिन्ह आणि वरचा चंद्र अशी जुळवाजुळव करत. काही कळफलक अजून करतात. एकाच विषयावर दोन शीर्षकांचे दोन लेख होण्याचं हे एक कारण. लिहिणाऱ्याने शोधलं, सापडलं नाही, नवा लेख लिहिला. चूक कुणाचीच नाही.

हे काम सांगकाम्यासाठीच जन्मलेलं आहे. अर्थ बदलत नाही, विभक्तीचा प्रश्न नाही, एका चिन्हमालेच्या जागी दुसरी ठेवायची आणि शीर्षकांच्या बाबतीत जुन्या लेखनाकडून नव्याकडे पुनर्निर्देशन आहे का ते पाहायचं. तरीही इथे माणूस लागतो, कारण हा घोटाळा आहे हे कळायला मराठी लिहावं लागतं. टूलफोर्जची यंत्रं अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या ॲशबर्न गावी आहेत. तिथल्या कुणाला 'शेतकऱ्यांचा' दोन तऱ्हांनी लिहितात हे सुचणार नाही. ते गंगापुरातल्या डीटीपीच्या दुकानात बसलेल्या माणसाला सुचेल. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना कुठलं अक्षर कुठे फुटतं हे त्याला झोपेतही सांगता येतं. या माणसाला पायथन येत नाही. ज्याला पायथन येतं त्याला हे माहीत नसतं. दोघांनी एका बाकावर बसावं, एवढीच माझी सर्व्हरविषयीची मोठी योजना आहे.

शिकण्याचा क्रम कसा ठेवावा, असं संयोजकांपैकी एकांनी येताना विचारलं. त्याचं उत्तर देतो. जे काम यंत्राला सांगायचं ते आधी हाताने करा. पाच-दहा पानांवर नव्हे, कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा येईस्तोवर त्यातले अपवाद तुमच्या समोर येऊन गेलेले असतात. मग 'पॉज' वापरा. विकिमीडियाचीच ही सोय आहे. ब्राउझरमध्ये उघडते, विकिपीडियाच्या खात्याने चालते, किल्ल्या-बिल्ल्या लागत नाहीत, कॉलेजच्या लॅबमधूनही वापरता येते. डेटाबेसला नुसते प्रश्नच विचारायचे असतील तर 'क्वॉरी' नावाचं पान आहे, तिथे लोकांनी आधी विचारलेले प्रश्नही पाहायला मिळतात, आणि दुसऱ्याचा प्रश्न वाचून शिकणं हा जुना खात्रीचा मार्ग आहे. मग पायविकिबॉट आपल्या संगणकावर, तोही 'बदल करू नको, नुसतं दाखव' या पर्यायाने. तो प्रत्येक बदल समोर ठेवतो आणि विचारतो: हो, नाही, की सगळे? 'सगळे'वर बोट जाऊ देऊ नका. पहिल्या महिन्यात तर नाहीच. हे सगळं झाल्यावर टूलफोर्ज.

पानं बदलणारा सांगकाम्या चालवायचा तर त्याचं वेगळं खातं काढावं लागतं आणि मराठी विकिपीडियाच्या समुदायाकडे परवानगी मागावी लागते. ती मिळाली की त्या खात्याची संपादनं 'अलीकडील बदल' या पानावर सहसा दिसेनाशी होतात, म्हणजे माणसांची कामं त्यांच्या गर्दीत हरवत नाहीत. सोय चांगली आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा की परवानगीनंतर तुमच्या चुका सहजासहजी कुणाच्या नजरेला पडत नाहीत. त्यामुळे परवानगीआधीचा छोटा, सगळ्यांना दिसणारा चाचणीचा काळ हा उपचार समजू नका. पायविकिबॉट मुळातच दोन बदलांच्या मध्ये दहा सेकंद थांबतो. नवशिके पहिल्यांदा काय करतात, तर तो थांबा कमी करतात. कसली घाई असते कोण जाणे. केतकरांच्या ज्ञानकोशाला तेवीस खंड आणि कित्येक वर्षं लागली होती.

वेबवर चालणाऱ्या अवजारांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांना फार बुद्धी लागत नाही, चिकाटी लागते. आपल्या तालुक्यापुरतं एक अवजार सुचवतो. गंगापूर तालुक्यातल्या गावांवरचे लेख घ्यावेत, आणि ज्यांना छायाचित्र नाही ती गावं नकाशावर ठिपक्यांनी दाखवावीत. कायगावला प्रवरा गोदावरीला मिळते. शेंदूरवाद्याला मध्वमुनीश्वरांची परंपरा आहे. लासूरला रेल्वे आहे, वाळूजला कारखाने आहेत. ठिपका दिसला की त्या बाजूला जाणारा कुणीतरी फोनवर फोटो काढतो, विकिमीडिया कॉमन्सवर चढवतो, आणि दुसऱ्या दिवशी ठिपका पुसला जातो. हे पान मराठीत हवं, फोनवर उघडायला हवं, आणि गावाच्या रेंजमध्ये उघडायला हवं. म्हणजे हलकं हवं. चकचकीत करण्याच्या नादात अनेक चांगली अवजारं जड होऊन बसली आहेत. ज्यांना प्रोग्राम लिहायचा नाही पण मराठी चांगलं येतं, त्यांनी ट्रान्सलेटविकीवर जाऊन अशा अवजारांच्या बटणांचा मराठी अनुवाद करावा. त्याला कोड लागत नाही, आणि अनुवाद करणारी माणसं कायम कमी असतात.

अवजार सुरू करणं सोपं, चालू ठेवणं अवघड. टूलफोर्जवर पूर्वी 'ग्रिड इंजिन' नावाची जुनी व्यवस्था होती, ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांना सांभाळणारं कुणी होतं ती अवजारं नव्या व्यवस्थेवर गेली. ज्यांचा एकुलता एक सांभाळणारा नोकरीत, संसारात गुंतला होता, त्यातली बरीच तिथेच थांबली. कोड मुक्त असल्यामुळे दुसऱ्याला ती उचलता येतात, आणि अनाथ अवजार दत्तक घेण्याची रीतही ठरलेली आहे. पण उचलणाऱ्याला कोड समजला पाहिजे. म्हणून मराठीत दोन ओळींची टीप लिहून ठेवा: हा प्रोग्राम काय करतो, किती वाजता चालतो, बंद पडला तर कुठे पाहायचं. आपल्या वाचनालयाच्या दाखल-नोंदवहीत ग्रंथपाल शाईने लिहितात तितक्याच गंभीरपणे.

प्रश्नोत्तरांना वेळ हवा, म्हणून थांबतो. कॉलेजातल्या मुलामुलींना आणि डीटीपीवाल्या मित्रांना एक विनंती. टूलफोर्जच्या अर्जात कळीचा प्रश्न एकच असतो: तुम्ही काय करणार आहात? त्याचं उत्तर आधी कागदावर, मराठीत, दोन वाक्यांत लिहा. ज्यांचं लिहून होईल त्यांनी तो कागद घेऊन वाचनालयात या. खातं, किल्ली आणि पहिला जॉब आपण इथेच बसून करू.